शेजारच्या क्लबला जेवायला बोलावताना

गोरेपूल (धागाकर्ती)

पार्ल्याच्या पूर्वेला आमचा रोटरी क्लब आणि रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला, लायन्सचा एक क्लब. समाजसेवेची कामं बरीचशी तीच, सभासदांची वयंही तीच, पण एकमेकांकडे जाणं-येणं जवळपास नाही. जुलैत इन्स्टॉलेशनला, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांच्या पदग्रहणाला, अध्यक्ष पुष्पगुच्छ घेऊन जातात, पुढच्या रांगेत बसतात, फोटो होतो आणि वर्षभराची ओळख तिथेच आटोपते.

यंदा मी सचिव आहे. डिसेंबरात त्यांना सहकुटुंब जेवायला बोलवायचं, असं बोर्डाने ठरवलं आहे. प्रकल्प जाहीर करायचा नाही, निधी मागायचा नाही. नुसतं जेवण आणि ओळख.

मला हे मनापासून हवं आहे. आमच्याकडे रुग्णोपयोगी साहित्याचं छोटं केंद्र आहे. फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून उचलता येणारा), व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड अशा वस्तू अनामत घेऊन देतो आणि वस्तू परत आली की अनामतही परत करतो. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या एका कुटुंबाने आजोबांच्या बेडसाठी पार मालाडपर्यंत फोन केले. आमचा पत्ता त्यांना शेवटी घरकाम करणाऱ्या मावशींकडून मिळाला, कारण त्या पूर्वेलाही दोन घरी जातात. त्याच इमारतीत पलीकडच्या क्लबचे एक माजी अध्यक्ष राहतात. त्यांनाही आमच्या केंद्राचा पत्ता नव्हता. मधे एक कॅप्टन विनायक गोरे पूल, रिक्षाने दहा मिनिटांचा रस्ता. माणसं एकमेकांना ओळखत असती तर ते आजोबा तेवढे दिवस जमिनीवरच्या गादीवर राहिले नसते.

तर अनुभवी मंडळींनी सांगा. पंगत की बुफे? खर्च कुणी करायचा? भाषणं किती? पलीकडे गुजराती आणि जैन सभासद बरेच आहेत, त्यांच्यासाठी कशाची काळजी घ्यायची? जागा शाळेच्या सभागृहात मिळाली आहे.

आमरस

ताई, पंगत. डोळे मिटून पंगत.

मी दादर-माटुंग्यात केटरिंग करतो. क्लबांची, मंडळांची, ज्ञातीसंस्थांची जेवणं वर्षानुवर्षं केली आहेत. बुफेत माणूस ताट भरतो आणि आपल्या नेहमीच्या माणसाकडे जातो. दोन क्लबांचं जेवण म्हणून मी वाढलेलं असतं, पण हॉलच्या दोन टोकांना दोन वेगळी जेवणं चाललेली असतात. पंगतीत शेजारी बसलेल्याशी बोलावंच लागतं. ज्येष्ठांना खाली बसणं जमत नाही, म्हणून लांब टेबलं लावा, समोरासमोर खुर्च्या. वाढायला माझ्यासारख्याची मुलं ठेवू नका. तुमच्या क्लबच्या सभासदांनी वाढायचं. यजमानाने स्वतः आग्रह करून जिलबी वाढली की निम्मी ओळख तिथेच होते.

आता जैन पाहुण्यांबद्दल, कारण इथे लोक फार गडबड करतात. कांदा, लसूण, बटाटा टाळला की झालं असं नसतं. गाजर, बीट, मुळा, ओलं आलंही नको. अळूच्या भाजीत मुळा घालायची सवय असेल तर तो काढा. आल्याऐवजी सुंठ वापरा. मोड आलेली कडधान्यंही काही जण खात नाहीत, म्हणून मटकीच्या उसळीऐवजी काजू घालून तोंडल्याची भाजी करा. कोथिंबीर वडी बिनलसणाची छान होते. मसालेभात, वरण-भात-तूप, काकडीची कोशिंबीर, जिलबी, मठ्ठा. मठ्ठ्यात मात्र आलं पडणार नाही हे आचाऱ्याला दोनदा सांगा, त्याचा हात आपोआप जातो. सगळ्यांना एकच स्वयंपाक करा. ‘जैन काउंटर’ अशी वेगळी पाटी लावली की तिथेच पाहुणे वेगळे पडतात.

आणि वेळ. चोविहार पाळणारे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तुम्ही रात्री साडेआठला पानं मांडलीत तर ते येतील, हसून बोलतील आणि उपाशी परत जातील. पहिली पंगत पाच-सव्वापाचला बसवा.

गिरणगाव

मी थोडं कडू बोलणार आहे, राग नसावा.

मी परळला राहतो. टाटा हॉस्पिटलला राज्यभरातून, देशभरातून पेशंट येतात. बरोबरचे नातेवाईक फुटपाथवर दिवस काढतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ज्यांना जागा मिळते ते नशीबवान. अशा शहरात सेवा करणाऱ्या दोन संस्थांनी एकमेकांना जेवू घालायचं, हे मला पटत नाही. शंभर-दीडशे पानांचा खर्च थेट अन्नदानाला द्या. ओळखच करायची आहे ना? मग दोन्ही क्लबांनी एक संध्याकाळ धर्मशाळेत मिळून वाढायला यावं. तिथेही शेजारी उभं राहून बोलता येतं.

गोरेपूल

राग कशाचा, तुमचा मुद्दा आमच्या बोर्डातही आला होता.

पैशाचं आधी स्पष्ट करते. लोकांकडून सेवेसाठी जमवलेला एक रुपयाही जेवणावर जाणार नाही. आमच्याकडे प्रकल्पांचं खातं आणि क्लब चालवण्याचं खातं वेगळं आहे. लायन्समध्येही जनतेकडून आलेला पैसा प्रशासकीय खर्चाला वापरायचा नाही असा नियम आहे. जेवण आमच्या सभासदांच्या खिशातून, माणशी वर्गणी काढून. पाहुण्यांकडून काही घ्यायचं नाही. टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) करा असं एक-दोघांनी सुचवलं, पण जेवायला बोलावून पैसे मागणं मला बरं वाटत नाही.

धर्मशाळेत मिळून जाण्याचं मी नक्की मांडेन. पण ते या जेवणाच्या ऐवजी नको, असं मला वाटतं. वाढण्याच्या घाईत माणूस हातातल्या कामाबद्दल बोलतो. आपल्या क्लबचं काय अडलंय, कोणतं साहित्य पडून आहे, पुढच्या वर्षी अध्यक्ष व्हायला कुणी तयार का नाही, हे निवांत बसल्यावरच निघतं.

दुपारचा_चहा

हे जाणं-येणं कमी का झालं, त्याला एक जुनं कारण आहे. मी बरीच वर्षं रोटरीत आहे, म्हणून लिहितो.

रोटरीची सुरुवातच एकमेकांकडे जाण्यातून झाली. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस आणि तीन मित्र एकाच्या कचेरीत भेटले आणि पुढच्या बैठका आळीपाळीने प्रत्येकाच्या जागी होऊ लागल्या. मुंबईत रोटरी आली १९२९ मध्ये. लायन्सचं मूळही शिकागोच, १९१७, मेल्विन जोन्स. भारतातला पहिला लायन्स क्लब मात्र आपल्या मुंबईत निघाला, १९५६ साली.

रोटरीत हजेरीचा नियम फार कडक असायचा. आपल्या क्लबची साप्ताहिक सभा चुकली तर त्याच्या आधी किंवा नंतर १४ दिवसांत दुसऱ्या कुठल्याही क्लबच्या सभेला बसून ती भरून काढायची. त्याला ‘मेकअप’ म्हणत. त्या नियमापायी मी फोर्टात, घाटकोपरला, बोरिवलीला, कुठे कुठे जाऊन जेवलो आहे. जायचो हजेरीसाठी, पण परत येताना खिशात दोन-चार कार्डं आणि डोक्यात एखादी नवी कल्पना असायची. मधुमेह तपासणीचं शिबिर स्टेशनबाहेर सकाळच्या गर्दीत घ्यायचं, हे मी अशाच एका परक्या क्लबकडून उचललं.

२०१६ मध्ये क्लबांना सभांची आणि हजेरीची मोकळीक मिळाली. महिन्यातून दोन सभा झाल्या तरी चालतं. नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी ते आवश्यकच होतं, मी त्याच्या बाजूने आहे. पण आपोआप घडणाऱ्या भेटी त्यात गेल्या. आता कुणीतरी ठरवून बोलावल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. म्हणून तुमचं जेवण मला फार महत्त्वाचं वाटतं.

खोपटकर

ठाण्यात आम्ही असं दोनदा केलं. पहिल्यांदा व्यासपीठ, दीपप्रज्वलन, दोन्ही अध्यक्षांची मनोगतं, झोनच्या पाहुण्यांचं मार्गदर्शन, दोन्ही क्लबांचा कार्य-अहवाल आणि आभार. जेवायला दहा वाजले. अर्धे पाहुणे पार्सल घेऊन निघाले.

दुसऱ्यांदा व्यासपीठच बांधलं नाही. सभेची शिस्त सांभाळणाऱ्या सार्जंट-ॲट-आर्म्सने घंटा वाजवली, दोन अध्यक्षांनी क्लबचे बॅनर एकमेकांना दिले, संपलं. बसण्याच्या जागा आधी ठरवल्या होत्या. एक खुर्ची आमची, एक त्यांची. पती-पत्नीलाही शेजारी बसवलं नाही. सुरुवातीला थोडी कुरकुर झाली, पण वरण-भातापर्यंत ती संपली.

एक सूचना. नावाच्या चिठ्ठीवर पद लिहू नका. ‘माजी प्रांतपाल’ वाचलं की शेजारचा गप्प होतो. त्याऐवजी माणूस काय काम करतो ते लिहा: डोळ्यांचे डॉक्टर, निवृत्त मोटरमन, छपाईचा व्यवसाय, गणिताच्या शिक्षिका.

अबोली

खोपटकर, चिठ्ठीची कल्पना फार आवडली. मी एक गोष्ट जोडते.

सहकुटुंब बोलावलं की चिठ्ठ्या ‘श्री. व सौ.’ अशा होतात आणि बायका ‘ॲन’ (रोटेरियनची पत्नी) नाहीतर ‘लायन लेडी’ म्हणून एका टेबलावर जातात. क्लबात बाईला स्वतः सभासद होता येऊ लागलं त्याला काही फार काळ झालेला नाही. लायन्सने १९८७ मध्ये दार उघडलं, रोटरीने १९८९ मध्ये, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर. माझ्या सासूबाई बँकेत अधिकारी होत्या. क्लबच्या प्रत्येक शिबिराचा हिशेब त्यांनी ठेवला, पण त्यांचं नाव कधी पत्रिकेत आलं नाही. तेव्हा चिठ्ठीवर प्रत्येक बाईचं नाव आणि तिचं स्वतःचं काम लिहा. गृहिणी असेल तर तिला काय येतं ते आधी फोन करून विचारा.

फोनचं काम माझ्याकडे दिलंत तरी चालेल, मी अंधेरीला राहते.

सागरवारा

मी पश्चिमेचा, लायन्सचाच, पण दुसऱ्या क्लबचा. जेवणात बोलायचा एक विषय सुचवतो: नेत्रदान. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध काम करण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम आमच्याकडे मुख्य आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपटल (कॉर्निया) काढावं लागतं. घरच्यांना त्या वेळी काही सुचत नसतं. शेजारचा माणूस पुढे होऊन नेत्रपेढीला फोन करतो, तोवर पंखा बंद करतो, मृताचे डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवतो, डोक्याखाली उशी देतो, तेव्हा ते घडतं. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, म्हणून नेत्रदान होत नाही हा गैरसमज अजूनही सुशिक्षित घरांत आहे. पूर्वेच्या प्रत्येक गल्लीत हे माहीत असलेला एकेक रोटेरियन मिळाला तर आम्हाला मोठाच आधार होईल.

लालपेशी

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दोन्ही क्लब एका टेबलावर बसणारच आहेत तर माझी कळकळीची विनंती, तारखा जुळवा.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला मुंबईत गल्लोगल्ली शिबिरं होतात. एकाच वेळी एवढं रक्त येतं आणि ते साठवून ठेवता येत नाही. लाल पेशी योग्य द्रावणात जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावाला, आणि आमची फ्रीज रिकामी. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना तेव्हाही दर काही आठवड्यांनी रक्त लागतंच.

त्यात रेल्वेच्या दोन बाजूंचे दोन क्लब एकाच पंधरवड्यात शिबिर घेतात आणि त्याच सोसायट्यांना पत्रकं वाटतात. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ९० दिवस थांबावं लागतं, स्त्रीला १२०. म्हणजे दुसऱ्या शिबिरात निम्मे लोक नुसते परत जातात.

हिशेब साधा आहे. एका क्लबने २६ जानेवारी घ्यावी. त्या दिवशी दिलेले पुरुष २६ एप्रिलच्या सुमाराला पुन्हा देऊ शकतात. दुसऱ्या क्लबने मेचा पहिला रविवार घ्यावा आणि पहिल्या क्लबने आपल्या दात्यांना स्वतः फोन करून तिकडे पाठवावं. मेचे पुरुष दाते १५ ऑगस्टला पुन्हा मोकळे. जानेवारीत दिलेल्या स्त्रिया मेच्या शेवटी पात्र होतात, त्यांना थेट ऑगस्टला बोलवा.

गोरेपूल

लालपेशी, तुमचा प्रतिसाद छापून ठेवला आहे. जेवणात विषय काढायचा नाही असं ठरलं होतं, पण कुणीतरी काढेल याची व्यवस्था करते. आमरस, चोविहारचं सांगितलंत ते फार बरं झालं, आम्ही आठची वेळ छापायला देणार होतो.

गोरेपूल

जेवण झालं, सविस्तर लिहिते.

पहिली पंगत सव्वापाचला बसली. फक्त पाहुण्यांनाच लवकर बसवलं असतं तर ते वेगळे पडले असते, म्हणून आमचे निम्मे सभासद त्यांच्याबरोबर बसले आणि उरलेल्यांनी वाढलं. दुसऱ्या पंगतीला पहिल्या पंगतीतले आमचे लोक वाढायला उठले, आणि पाहुण्यांपैकी काही जण न सांगता पदर खोचून, बाह्या सरसावून मठ्ठ्याची भांडी घेऊन फिरू लागले. हे कुणी ठरवलं नव्हतं. मला त्या संध्याकाळचं सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटलं.

अबोलीताईंनी प्रत्येक घरी फोन केला होता. चिठ्ठ्यांवर ‘पापड-लोणच्याचा गृहउद्योग’, ‘सांकेतिक भाषा येते’, ‘उच्च न्यायालयात दुभाष्या’ असं काय काय होतं. सांकेतिक भाषा येणाऱ्या काकूंना आमच्या एका डॉक्टरांनी तिथेच विचारलं, कर्णबधिर पेशंट आले तर दवाखान्यात याल का. काकू आनंदाने हो म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट निघाली ती ऐकून सगळे थोडे शांत झाले. पालघर जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत जूनमध्ये आम्ही दप्तरं आणि वह्या दिल्या. त्याच शाळेत, त्याच महिन्यात, त्यांनीही दिल्या. जवळच्या पाड्यावरच्या शाळेत कुणीच गेलं नाही. दोन्ही क्लबांना एकाच माणसाने शाळा सुचवली होती. यात कुणाचा दोष नाही, पण मुलांचं नुकसान झालंच. आता जूनच्या आधी दोन्ही सेवा समित्यांचे अध्यक्ष यादी समोरासमोर बसून करणार आहेत.

रुग्णसाहित्याची यादी त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर गेली. त्यांच्याकडे दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहेत हे आम्हाला तिथे कळलं. नेत्रदानाचं बोलणं पंगतीतच झालं, आणि सागरवारा, तुमच्याच ओळखीचे एक डॉक्टर होते. जानेवारीत ते पूर्वेच्या तीन सोसायट्यांत येणार आहेत.

मनाला लागलेली गोष्ट म्हणजे तरुण मंडळी. आमचे रोटरॅक्टवाले आणि त्यांचे लिओ मिळून मोजकेच आले. परीक्षा होत्या हे खरं, पण त्यांना बोलावणंही आम्ही मोठ्यांच्या मार्फत पाठवलं होतं. पुढच्या वेळी तारीख त्यांनाच ठरवू द्यावी असं माझं मत आहे.

गिरणगाव

वाचलं. जेवणाबद्दलचं माझं मत तेच आहे. पण दोन क्लब एकाच शाळेत दप्तरं देतात हे आमच्या भागातही दिवाळीच्या फराळात होतं, एका वस्तीत चार संस्था आणि मागच्या वस्तीत कुणी नाही. धर्मशाळेचं काय झालं?

गोरेपूल

फेब्रुवारीतला शनिवार ठरतो आहे, दोन्ही क्लब मिळून. तिथल्या व्यवस्थापकांना आधी भेटून काय हवं ते विचारणार आहोत, अन्न की औषधांसाठी मदत की आणखी काही. तुम्ही परळचे, बरोबर याल का?

गिरणगाव

येतो. दुपारी दोननंतर कधीही.

लालपेशी

मेच्या शिबिराचं पक्कं झालं का?

गोरेपूल

हो. २६ जानेवारी आमच्याकडे, मेचा पहिला रविवार त्यांच्याकडे. दात्यांची यादी देण्यापेक्षा फोन आम्हीच करणार, म्हणजे कुणाचे नंबर परस्पर फिरणार नाहीत.

लालपेशी

उत्तम. मग मेसाठी आत्ताच रक्तपेढीकडे तारीख नोंदवा. शिबिर सकाळी साडेआठला सुरू करून एकपर्यंत संपवा, उन्हात माणसं दुपारी बाहेर पडत नाहीत. उपाशीपोटी कुणाला रक्त द्यायला झोपवू नका. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघालेल्या बायका बऱ्याच असतात, त्यांना नुसतं ‘नाही’ सांगून पाठवू नका. पार्ल्यातल्या एखाद्या डॉक्टरना तिथे बसवा, त्यांनी त्याच वेळी बोलावं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलवावं. रक्त दिल्यावर सरबत द्या आणि दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली बसवा. मतदानासारखी लांब रांग लागली तर टोकन द्या.

आमरस

सरबत माझ्याकडून. कैरीचं पन्हं चालेल ना?

लालपेशी

चालेल की. मीठ घालायला विसरू नका.